गुलाबरावांची विश्रांती

आमच्या घरात विश्रांतीवरून जेवढे वाद झाले तेवढे दुसऱ्या कशावरूनही झाले नाहीत. ज्याच्या विश्रांतीवरून ते झाले तो माणूस अस्तित्वात नव्हता. त्याचं नाव गुलाबराव. तो मांत्रिक होता, वय दोनशेच्या आसपास, आणि तो माझ्या भावाच्या मित्राच्या, नईमच्या, डोक्यात राहत असे. दर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास तो नईमबरोबर आमच्या यवतमाळच्या घरी येई, पुढच्या खोलीत सतरंजीवर बसे आणि दिवे लागायच्या आत परत जाई.

त्याचं असं झालं, की आत्याचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलात होता. एका सुटीत तो एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आला आणि जाताना ती विसरून गेला; दादाने ती लपवली असण्याचीही शक्यता आहे. ते एका खेळाच्या नियमांचं पुस्तक होतं. त्या खेळाला पट नाही आणि सोंगट्याही नाहीत. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस आता काय करतो ते बोलायचं. त्याला ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. तसला फासा आम्ही दत्त चौकात दोन दुकानांत विचारला. एका दुकानदाराने साधे चार फासे घ्या, चोवीस होतात, वरून चार जास्त, असं सुचवलं. शेवटी दादाने एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिघांत इंग्रजी त्यातल्या त्यात मला येत होतं आणि दादाला तलवार चालवायची होती. दादा सैनिक झाला. नईम मांत्रिक झाला आणि त्याने त्याचं नाव गुलाबराव ठेवलं. एवढ्या मोठ्या मांत्रिकाला असलं नाव कसं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भारी नाव ठेवलं का दुश्मन आधी त्यालेच मारते. गुलाबरावाकडे कोणी पाहत नाही."

मांत्रिकाचा नियम असा होता, की त्याच्याकडे ठरावीक मंत्र असत आणि मोठा मंत्र एकदा टाकला की संपे. आठ तासांची विश्रांती झाल्यावरच तो परत येई. विश्रांती म्हणजे काय, ते पुस्तकात तीन ओळींत आटोपलं होतं: झोप असावी, हलकं काम चालेल, श्रम चालणार नाहीत, आणि विश्रांती मोडली तर पहिल्यापासून सुरू करावी. हलकं काम कोणतं आणि श्रम कोणते, याचं उदाहरण पुढे असावं. पण ती झेरॉक्सची झेरॉक्स होती आणि पानाच्या खालच्या चौथ्या हिश्शात काळा पट्टा होता. दोन वर्षं आम्ही त्या काळ्या पट्ट्याचा अर्थ लावत होतो.

नईमचा पहिला दावा असा, की सकाळी चार तास आणि दुपारी चार तास मिळून आठ होतात. हा प्रश्न आईकडे गेला. आई एका खाजगी दवाखान्यात नर्स होती आणि महिन्यातले पंधरा दिवस तिची रात्रपाळी असे. ती ओट्याशी मूगवड्यांचं पीठ फेटत होती. हात न थांबवता तिने निकाल दिला. "चार-चार तासाच्या दोन झोपा म्हणजे आठ तास नाही होत. मले विचारा. अठरा वर्षं झाले, तशीच झोपून राह्यली मी." नईमने तो निकाल मान्य केला, कारण वडे तिच्या हातात होते. मग दादाने पेपर वाचणं हे हलकं काम आहे असा मुद्दा काढला. आईने तोही फेटाळला. बाबा पेपर वाचताना दर दोन मिनिटांनी उठून कुणावर तरी चिडतात, हे तिने पुराव्यादाखल सांगितलं. पुढे नईमने एक नियम दादावर उलटवला. लोखंडी चिलखत घालून झोपलेल्या सैनिकाची विश्रांती धरू नये, असं त्याचं म्हणणं. मी ते मान्य केलं. दादाचा सैनिक त्या रविवारी चिलखत काढून झोपला आणि बनियनवर पकडला गेला. हे दादा विसरला नाही.

बाबा या सगळ्यात नसत, पण त्याच खोलीत असत. ते कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस पाहून त्याचा दर्जा सांगणं हे त्यांचं काम. नियमांचं पुस्तक त्यांच्याकडेही होतं. ओलावा किती, कचरा किती, धागा किती लांब, हे सगळं त्यात होतं. पण ते उघडलेलं मी पाहिलं नाही. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ते ताणत, तुटतानाचा आवाज ऐकत आणि दर्जा सांगत. घरी आले की आई त्यांना दारातच उभं करून पाठीवरचे तंतू झटके, तरी वरणात एखादा सापडेच. त्या वर्षांत कापसाचं सगळंच लांबत चाललं होतं. केंद्र उशिरा उघडे आणि लवकर बंद होई. जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा भोंगा, ज्यावर आमच्या गल्लीतली घड्याळं लागत, कधी आठवडाभर ऐकू येत नसे. बाबा घरी बसून राहत, खिडकीजवळच्या खुर्चीत, डोळे मिटून. ते झोपले आहेत असं आम्ही समजत असू.

भोंगा बंद राहिला की नईमच्या घरी काम नसे. त्याचे अब्बू जिनिंगच्या मशीनची दुरुस्ती करत. नईम स्वतः लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होता. तिथेही जिनिंगचेच सुटे भाग येत. एका रविवारी आल्या आल्या त्याने सांगितलं, की वणीला त्याच्या मामूचं ट्रकचं गॅरेज आहे, कोळशाचे ट्रक काही थांबत नाहीत, आणि पुढच्या सोमवारी तो जाणार. दादा म्हणाला, "कायमचा?" नईम म्हणाला, "गॅरेज हाय बे, जेल नाही."

त्यावर नईमनेच तोड काढली. खेळ पोस्टकार्डावर चालू ठेवायचा. त्याने गुलाबराव काय करतो ते लिहायचं, मी पुढे काय घडतं ते लिहायचं. दादा कार्ड लिहिणाऱ्यांतला नव्हता. म्हणजे पत्रव्यवहार नईम आणि माझ्यातच होणार, हे तिघांनाही कळलं होतं. पण नईमच्या नावाने माझ्या नावावर आलेलं कार्ड निराळं आणि गुलाबरावाने आपल्या स्वारीचं वर्तमान कळवलेलं कार्ड निराळं. दुसरं पोस्टमनने वाचलं असतं तरी चालण्यासारखं होतं. अडचण एकच होती. आमचा एक नियम पुस्तकातला नव्हता, मी केलेला होता, आणि मला त्याचा अभिमान होता: एकाला एकच माणूस, आणि मेलेला परत येत नाही. नईम म्हणाला, "गुलाबराव जिता राह्यला तर लिहीन. मेला तर कायले लिहू? मेलेला माणूस काय कार्ड टाकते?" तो हसत म्हणाला. मी हसले नाही, असं आठवतं.

शेवटच्या रविवारी आईने पाटवडीचा रस्सा केला होता. जेवणं झाली, सतरंजी पसरली. गोष्ट अशा ठिकाणी आली होती: गुलाबराव आणि जखमी सैनिक एका पडक्या किल्ल्यात अडकलेले, बाहेर शत्रू, पहाटे दरवाजावर ओंडका आदळणार. गुलाबरावाकडे दरवाजा बांधून टाकण्याचा मोठा मंत्र होता, पण तो आदल्या दिवशी वापरून झालेला. आठ तासांची विश्रांती पुरी झाली तर मंत्र परत, दरवाजा घट्ट, दोघे सुरक्षित. नाही झाली तर कुणीतरी दरवाजाला पाठ लावून उभं राहायचं आणि दुसऱ्याने मागच्या भुयारातून निघायचं. सैनिकाचा पाय मोडलेला होता, त्यामुळे पाठ कुणाची ते उघड होतं.

सातव्या तासाला, गोष्ट फार सरळ जाऊ नये म्हणून, मी कोपऱ्यात खुडबुड ऐकवली. नईमने विचार न करता सांगितलं, "गुलाबराव उजेडाचा मंत्र टाकते आणि पाह्यते. उंदीर असन." उजेडाचा मंत्र सगळ्यांत लहान होता, तो कितीही वेळा टाकता येई. उंदीरच होता. गुलाबराव पुन्हा आडवा झाला.

"मोडली," दादा म्हणाला.

"काय मोडली?"

"विश्रांती. मंत्र टाकला तुह्या बुढ्यानं. पहिल्यापासून मोज आता आठ तास."

"अरे, चुटकीभर उजेड बे. हलकं काम हाय ते."

"मंत्र म्हणजे मंत्र. माह्या माणसाले बनियनवर पकडलं, तेव्हा नाही कोणाले दया आली."

अर्धा तास झाला. पुस्तक उघडलं, काळा पट्टा उजेडात धरून पाहिला. दोघांनी माझ्याकडे निकाल मागितला, आणि मला तो देता येईना. तेव्हा खुर्चीतून बाबा बोलले. डोळे मिटलेलेच होते.

"केंद्रावर असं झालं का आम्ही दुसऱ्या ग्रेडरकडे पाठवतो. पिशवीत नमुना, वर आकडा. कोणाची गाडी, काही लिहायचं नाही."

"मंग तुम्हीच सांगा ना काका," नईम म्हणाला.

"मी लॉट पाह्यला. मले कोणाची गाडी ते माहीत हाय. माह्या हातून आता होत नाही." आईही बाद होती, तिचा गुलाबरावावर जीव होता. बाबांनी समोरच्या घराकडे हनुवटी केली. तिथे राऊतकाका राहत, बाबांच्याच केंद्रावरचे दुसरे ग्रेडर. "राऊताले द्या. वसू, तू लिही चिठ्ठी. नाव नको कोणाचं."

मी वहीचं पान फाडून लिहिलं. तो मजकूर मला शब्दशः आठवतो. पुढे सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं आणि एवढा काळजीपूर्वक मजकूर फार थोड्या वेळा लिहिला. "एका माणसाला आठ तास विश्रांती सांगितली आहे. हलके काम चालते, श्रम चालत नाहीत. सातव्या तासाला खुडबुड ऐकू आली म्हणून त्याने उजेड करून पाहिले, उंदीर होता, तो लगेच पुन्हा आडवा झाला. विश्रांती झाली की मोडली?" वर आकडा घातला, एक.

राऊतकाका ओट्यावर संत्री सोलत बसले होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, पाठीमागून पाहिली.

"पेशंट कोण हाय?"

"नाव सांगता येत नाही काका. नमुना आहे."

"बरोबर. सांगू नये." त्यांनी एक फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली. "उंदीर मोठा होता का लहान?"

"ते नाही ठरलेलं."

"ठरवाव लागते पोरी. मोठा असला का झोप जाते." मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून उत्तर लिहिलं आणि सवयीने खाली सही केली. एक संत्रं माझ्या हातात दिलं. "पेशंटले दे."

उत्तर होतं: "फेअर. एक दर्जा कमी, पण नापास नाही."

मी ते मोठ्याने वाचलं. दादाने कपाळावर हात मारला, पण मानलं. नापास नाही म्हणजे पास. गुलाबराव वाचला होता. वणीहून कार्ड येणार होतं. नईमने संत्रं घेतलं, आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केला. "दाखव ना, काय लिहून पाठवलं ते."

त्याने वाचायला वेळ लावला. वर्कशॉपमधल्या लोकांची वाचायची एक पद्धत असते, ओळीखाली बोट धरून. बोट एका ठिकाणी थांबलं.

"वसू, यात मंत्र कुठं हाय?"

"उजेड केला, लिहिलंय की."

"उजेड केला म्हणजे बटन दाबलं असं वाटते. राऊतकाकाले काय माहीत मंत्र टाकला ते. भांडण तर मंत्राचंच हाय."

मी म्हटलं, काकांना मंत्र म्हणजे काय ते समजावत बसावं लागलं असतं, म्हणून सोपं लिहिलं. हे अर्धं खरं होतं. बाबांनी डोळे उघडले. ते माझ्याकडे पाहून बोलले नाहीत, खिडकीकडे पाहून बोलले. "गाडीत चांगला कापूस वर ठेवते माणूस. नमुना घेतानी कोपरापर्यंत हात घालाव लागते. वरचा उचलला का दुसरा ग्रेडर कितीबी इमानदार असो, काय करन तो?"

त्यात रागाचा लवलेश नव्हता. रोज पाहिलेली गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं, आणि त्यामुळेच माझे कान तापले. मी म्हणाले, दुसरी चिठ्ठी लिहिते, पुन्हा विचारून येते. बाबांनी मान हलवली. त्याच माणसाकडे तोच लॉट दुसऱ्यांदा जात नाही.

मग जे झालं ते खेळाच्या दोन वर्षांत झालं नव्हतं. दादाने बाजू बदलली. "सोड ना बे. सहीशिक्क्याचा निकाल आला. हलकंच काम होतं ते."

"आत्ता तर मोडली म्हणत होता."

"मंग? आता नाही म्हणून राह्यलो."

नईम संत्र्याची साल काढत होता, एकसंध, न तोडता. "हे पाह्य, इंजिन बंद करून ठेवलं थंड व्हायले. सात घंटे झाले. कोणी येऊन एक मिनिट स्टार्ट केलं. मिनिटच हाय, पण गरम झालं ना? मंग सात घंटे धरते का कोणी? हात लावून पाह्य, चटका बसते. लहान मंत्र असो का मोठा, इंजिन तर तेच."

"पुस्तकात इंजिन नाही," दादा म्हणाला.

"पुस्तकात काळा पट्टा हाय."

मी निकाल देणारी होते. मी म्हणू शकले असते, की राऊतकाकांची सही अंतिम. तसं म्हणायला तोंड उघडलंही. नईमने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "माह्यासाठी वरचा कापूस नको उचलू." खोलीत दादा होता, बाबा होते, स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. मी म्हणाले, विश्रांती मोडली.

पहाट झाली. ओंडका आदळला. गुलाबरावाने सैनिकाला भुयाराकडे ढकललं आणि दरवाजाला पाठ लावली. दरवाजा रोखून धरायला अठरा किंवा वर लागत होते, हे मी आधीच सांगितलं होतं. आता कमी करता येत नव्हतं. नईमने डब्यात हात घातला. कोपरापर्यंत घालतो असं दाखवत बाबांकडे पाहून हसला आणि चिठ्ठी काढली. नऊ. मी तीन वाक्यांत सांगितलं, दरवाजा पडला, सैनिक भुयारातून निघाला, गुलाबराव त्याच्यामागे आला नाही. आई म्हणाली, "बिचारा. झोप बी पुरी नाही झाली त्याची." मग तिने सगळ्यांना चहा दिला. नईमने संत्र्याच्या फोडी पाच ठिकाणी वाटल्या.

सोमवारी सकाळच्या एसटीने तो गेला. दादा स्टँडवर सोडायला गेला होता. मी गेले नाही. कुणी म्हटलंही नाही.

पहिल्या आठवड्यात कार्ड आलं नाही, येणार नव्हतंच. तिसऱ्या आठवड्यात केंद्र उघडलं आणि बाबांच्या पाठीवर पुन्हा तंतू दिसू लागले. त्या दिवशी मी एक पोस्टकार्ड घेतलं. दादाकडून मामूच्या गॅरेजचा पत्ता विचारून घेतला. त्याने कारण विचारलं नाही, पिन कोड मात्र दोनदा तपासला. मी लिहिलं, की चिठ्ठीत मंत्र हा शब्द लिहायला मी विसरले नव्हते, तो मी गाळला होता. मग लिहिलं, केंद्र उघडलं, भोंगा दोन दिवस झाला, तुझे अब्बू काल रस्त्यात भेटले, खांद्यावर पिशवी होती म्हणजे कामावर निघाले असावेत. दादा परीक्षेला बसतो आहे. आईची रात्रपाळी आहे. राऊतकाका अजून पेशंटची चौकशी करतात. खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. उघडं कार्ड होतं. आईने ते वाचलं, तिकिटाकडे पाहिलं आणि दवाखान्यात जाताना स्वतः पेटीत टाकलं.

उत्तर नवव्या दिवशी आलं. अक्षर मोठं, कडेला ग्रीसचा अंगठा. पत्त्यात माझं नाव, खाली त्याचं, मध्ये कुणीही मांत्रिक नाही. वणीत धूळ फार आहे, मामू भला माणूस आहे, ट्रकची गिअरपेटी एकट्याने उतरवायला शिकलो, एवढं होतं. मग एक ओळ सोडून: "तुझ्या कार्डात सगळे आहेत. काका, काकू, अब्बू, उंदीरसुद्धा येईल वाटलं. तू कशी आहेस ते कुठंच नाही. ते लिही."

बाकी सगळ्याचं उत्तर मी त्याच दुपारी लिहून काढलं. त्या एका ओळीसाठी जागा सोडली, आणि ती भरायला मला सहा दिवस लागले.